गंज काढलेली हत्यारं

कोलकात्याजवळ बराकपूरला आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराच्या खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या, वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. नवऱ्याची बँकेतली बदली होऊन आम्ही नाशिकहून इथे आलो तेव्हा त्यांचे यजमान हयात होते, पण आजारी होते. त्यांना काही आठवत नसे. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले दिसायचे. मी जाता येता नमस्कार केला की मान हलवायचे, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना नवीच असायचे. वर्षभराने ते गेले. मी बाईंना माशिमा म्हणायचे, म्हणजे मावशी. त्या मला बोउमा म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. आमचं बोलणं अर्धं हिंदीत आणि अर्धं माझ्या मोडक्या बंगालीत चालायचं. इथे ते मराठीतच लिहिते.

मी फोटो काढते. माणसांचे नाही, वस्तूंचे. घरबसल्या साड्या, मातीचे दागिने, पितळी दिवे विकणाऱ्या बायका मला वस्तू आणून देतात आणि मी त्यांचे फोटो काढून देते. वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली त्यासाठीच ठेवली होती. एक टेबल, दोन फ्लॅश, दोन स्टँड, थर्माकोलचे पांढरे तक्ते, काळा कापडी पडदा. नवरा त्या खोलीला माझं ऑफिस म्हणायचा.

यजमान गेल्यावर दीडेक वर्षाने माशिमांनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. मुलगा बेंगळुरूला होता, दुर्गापुजो झाली की त्या त्याच्याकडे जाणार होत्या. एका सकाळी त्या जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत.

"बोउमा, तुझ्याकडे एक काम आहे," त्या म्हणाल्या. "यांची पेटी द्यायची आहे."

पेटी जिन्याखाली होती, हे मला माहीत होतं. त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. यजमान हावड्याच्या एका ओतशाळेत कामाला होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते. ती वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात वितळलेलं लोखंड सोडतात. ती लाकडी प्रत करणं हे त्यांचं काम. पेटीत त्यांची हत्यारं होती, काही त्यांची स्वतःची, काही त्यांच्या गुरूंकडून आलेली, म्हणजे शंभर वर्षांच्या आसपासची. हावड्यातल्या एका तंत्रशाळेत जुन्या हत्यारांची एक खोली करत होते, ते न्यायला तयार होते. पण त्यांना आधी यादी हवी होती, प्रत्येक नगाच्या फोटोसकट.

"आणि एक एक फोटो मला," माशिमा म्हणाल्या. "पेटी काही मला विमानातून नेता येणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. साड्यांचा मला कंटाळाच आला होता.

पेटी जड होती, म्हणून नवऱ्याने आणि मी हत्यारंच चार खेपांत वर आणली. चाळीसेक नग निघाले. रंधे, पटाश्या, गोल तोंडाच्या पटाश्या, करवती, कंपास, पोलादी पट्ट्या. लाकडाचा काटकोन तपासायला सुतार वापरतात तो गुण्या. माशिमा त्याला माटाम म्हणायच्या. मात्र करवतीला करात आणि रंध्याला राँदा म्हणायच्या, तेव्हा मला उगाच माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशीचे फोटो अगदी वाईट आले. समोरून फ्लॅश मारला की पोलाद पांढरंफटक आणि लाकूड काळंठिक्कर. मग मी फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब नेला, टेबलाच्या कडेला, जवळजवळ हत्याराच्या पातळीवर ठेवला, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा केला. खिडकीचा पडदा ओढून घेतला. आता उजेड एका कुशीवरून सरपटत यायचा आणि बारीकसारीक सगळं वर यायचं: लाकडाच्या रेषा, मुठीवरची चीर, पात्यावर कोरलेली दोन अक्षरं. मी खूश झाले. अशा वेळी दुपार कशी गेली कळत नाही.

पण त्या तिरप्या उजेडात गंजही वर यायचा. सगळ्या पोलादावर तांबूस डाग होते. काही पातळ, काही चांगले खोल. मुठींवर काळपट थर. मला ते बघवेना. आमच्या माहेरी वस्तूचा मान ठेवायचा म्हणजे ती घासायची. सणाच्या आधी आई सगळी पितळी भांडी अंगणात काढायची, चिंच आणि राख घेऊन आम्हा बहिणींना बसवायची, आणि भांड्यात तोंड दिसेपर्यंत उठू द्यायची नाही. माशिमांसाठी निदान एवढं तरी करावं, असं माझ्या मनात आलं. त्यांच्या यजमानांच्या वस्तू परक्या जागी जाणार, त्या कशा दिसाव्यात?

मी रॉकेल आणलं, बारीक पॉलिश पेपर आणला, जवसाचं तेल आणलं. आठवडाभर रोज दुपारी घासत बसले. गुण्या झाला, दोन पट्ट्या झाल्या, कंपास झाला, पाच पटाश्या, दोन रंधे. अकरा नग. पोलाद निळसर चमकायला लागलं, लाकूड मधासारखं झालं. त्यांचे फोटो काढले तेव्हा माझंच मला कौतुक वाटलं. आधीचे डागाळलेले फोटो मी काढून टाकले, आता ते कशाला हवेत म्हणून.

"अगदी दुकानातून आणल्यासारखी दिसतात," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी ती अकरा हत्यारं एका ताटात मांडून, सोबत लॅपटॉप घेऊन खाली गेले. माशिमांनी फोटो पाहिले. छान, छान म्हणाल्या. मग ताटातला गुण्या उचलला, खिडकीकडे वळल्या, पातं उलटसुलट केलं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"इथे डाग होते ना?"

"होते, माशिमा. गंज चढला होता. मी काढला सगळा."

"सगळा?"

"या अकरांचा झालाय. बाकीचे या आठवड्यात करते."

त्यांनी गुण्या परत ताटात ठेवला, होता तसा, कडेला कड लावून.

"खूप मेहनत घेतलीस," त्या म्हणाल्या. "चहा घेशील?"

मी चहा घेतला. त्यांनी दिलेली संदेश मिठाई खाल्ली. माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. जिना चढताना मी गुणगुणत होते, हेसुद्धा मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची कामवाली निरोप घेऊन आली. बाकीची हत्यारं तशीच खाली पाठवा, फोटो पुरेत.

मी ती पाठवून दिली, पण मला राग आला. एवढं काम करून हे बक्षीस, असं वाटलं. नवरा ऑफिसातून आल्यावर मी त्याला सांगितलं. त्याने बूट काढता काढता विचारलं, "तू त्यांना विचारलं होतंस का?"

"काय विचारायचं? गंज काढू का म्हणून?"

"हो."

"गंज कोणाला हवा असतो?"

तो बूट उचलून आत गेला. दोन दिवस मी तशीच फणफणत राहिले. खालून माशिमांचा आवाज आला की मी बाल्कनीतून आत यायचे. तिसऱ्या दिवशी राग ओसरला आणि त्याच्या जागी एक धाकधूक आली. त्या अंगठा फिरवत होत्या ते सारखं डोळ्यांसमोर यायला लागलं. नसलेल्या वस्तूवरून हात फिरवावा तसा तो अंगठा फिरत होता.

मी खाली गेले. माशिमा स्वयंपाकघरात जमिनीवर विळी घेऊन केळफूल सोलत होत्या. चीक लागू नये म्हणून हाताला मोहरीचं तेल लावलं होतं. मी त्यांच्यासमोर बसले.

"माशिमा, माझं काही चुकलं असेल तर सांगा."

"नाही गं. तुझं काय चुकणार?"

"सांगा."

त्यांनी दोन-तीन फुलं सोलली, आतला कडक दांडा काढून बाजूला टाकला. मग बोलायला लागल्या.

"यांच्या तळहाताला घाम यायचा. सगळ्यांना येतो तसा नाही. थंडीतसुद्धा. कागद धरला तर कागद ओला. आणि त्या घामात काय होतं देव जाणे, लोखंडाला लागला की दुसऱ्या दिवशी तिथे गंज. बरोब्बर बोटांच्या आकाराचा. कारखान्यात इतर लोक आपल्या हत्यारांना यांना हात लावू द्यायचे नाहीत. एकदा कोणाची तरी पट्टी घेतली तर त्याने सगळ्यांसमोर ती काढून घेतली. त्यानंतर यांनी कधीही कोणाचं काही मागितलं नाही. स्वतःची सगळी पेटी जमवली."

त्यांनी आणखी एक फूल सोललं.

"कामावरून आले की आधी चहा नाही. पेटी उघडायची, पिशवीतून नेलेलं, दिवसभरात हातात घेतलेलं एकेक हत्यार पुसायचं, तेल लावायचं, मग चहा. चाळीस वर्षं मी ते पाहिलं. एक डाग राहू दिला नाही. आणि मला..." त्या थांबल्या. "लग्नात भटजींनी हातावर हात ठेवायला सांगितला, तर आधी धोतराला पुसला. पुढे जन्मभर तेच. माझा हात धरायचा तर आधी गमछा. मी म्हणायचे, अहो, मी काय लोखंडाची आहे? तरी पुसायचेच."

केळफूल तसंच राहिलं होतं.

"शेवटच्या वर्षी विसरले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पुसायचं. रोज पेटी उघडून बसायचे. कोणतं हत्यार कशाचं ते आठवत नव्हतं, पण हातात घ्यायचे. एकेक घेऊन तास तास धरून ठेवायचे. मग तसंच ठेवून द्यायचे. मी पुसलं नाही. मला दिसत होतं, दुसऱ्या दिवशी बोटं उमटायची. माझा हातसुद्धा तसाच धरायचे, त्या ओल्या हाताने. लोकांसमोरसुद्धा."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. विळीच्या पात्याकडे बघत बसले.

"माशिमा, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलं कुठे? सांगायला लाज वाटली." त्यांनी पुन्हा फूल हातात घेतलं. "आणि खरं सांगू? तू केलंस ते त्यांना आवडलं असतं. ते स्वतः हेच तर करत होते. मला नको होतं, एवढंच."

माझी समजूत घालायची म्हणून त्या हे म्हणाल्या नव्हत्या. जे होतं ते सांगितलं होतं. त्यामुळे ते मला जास्त लागलं.

वर जाऊन मी आधी कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं. काढून टाकलेले फोटो कदाचित परत मिळतील अशी आशा होती. पण त्यानंतर त्याच कार्डावर साड्यांचं मोठं काम झालं होतं. नवऱ्याच्या बँकेतल्या एका जाणकाराने लॅपटॉपवर दोन तास घालवले. काही निघालं नाही. त्या अकरा हत्यारांवरचे ठसे गेले ते गेलेच. गुण्यावर त्यांचा अंगठा होता की चार बोटं होती, तेही मला आता आठवत नव्हतं. मी आठवडाभर ते जवळून पाहिलं होतं आणि मला फक्त डाग दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मी परत खाली गेले.

"उरलेल्यांचे फोटो काढू द्याल? हात न लावता. धूळसुद्धा न झटकता."

माशिमांनी थोडा विचार केला. "मी वर येऊन बसले तर चालेल?"

मग पुढचे पाच-सहा दिवस त्या रोज दुपारी जेवण झाल्यावर वर यायच्या. एकेक पायरी, मध्ये थांबत. मी त्यांच्यासाठी पाठीची खुर्ची ठेवायचे. हत्यारं कामवाली वर आणून द्यायची, टेबलावर मात्र त्याच स्वतः ठेवायच्या, पदराने कडेला धरून.

आधीचा उजेड इथे कामाचा नव्हता. कुशीवरून फ्लॅश टाकला की डागांचा खरखरीतपणा दिसायचा, पण पोलाद काळं यायचं आणि त्या काळ्यात ठशांचे आकार बुडून जायचे. पहिली दुपार मी नुसतीच धडपडत राहिले. मग कोलकात्यात एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन ट्रेसिंग पेपरचा मोठा रोल आणला, तो एका लाकडी चौकटीवर ताणून बसवला, चौकट हत्याराच्या मागच्या बाजूला तिरकी उभी केली आणि फ्लॅश तिच्या पाठीमागे नेला. आता पोलादात त्या पांढऱ्या कागदाचंच प्रतिबिंब पडलं. सगळं पातं दुधासारखं उजळलं. गंजात मात्र प्रतिबिंब पडत नाही. तो तसाच तपकिरी राहिला.

करवतीचं पातं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर चार बोटं आणि खाली अंगठा, स्वच्छ.

माशिमा उठून पडद्याजवळ आल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही करंगळी," त्या म्हणाल्या. "वाकडी होती त्यांची. लहानपणी दारात चेमटली होती."

खरंच, शेवटचा ठसा बाहेरच्या बाजूला वळलेला होता.

त्या दिवसांत त्या पुष्कळ बोलल्या. एका पट्टीची गोष्ट सांगताना तर हसल्याही. ती पट्टी खोटी होती. म्हणजे तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा होता. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून लाकडी प्रत थोडी मोठी करावी लागते. रोज हिशेब नको म्हणून ती वाढ पट्टीतच धरलेली असते. मुलाने एकदा ती पट्टी गुपचूप शाळेत नेली आणि त्याच्या भूमितीच्या सगळ्या रेघा चुकल्या. मास्तरांनी पानभर लाल फुल्या मारल्या. "हे इतके हसले त्या दिवशी," माशिमा म्हणाल्या, "की मुलाला मारायचं राहूनच गेलं."

काही वेळा मात्र त्या नुसत्या बसून राहायच्या. मी चौकट सरकवायचे, फ्लॅश कमीजास्त करायचे, त्या बघायच्या. एकदा एका पटाशीच्या पात्यावरच्या ठशावर त्यांनी स्वतःचं बोट धरलं. टेकवलं नाही, वरच्या वर धरलं. मी शटर दाबलं नाही. दाबावंसं वाटलं, पण दाबलं नाही.

शेवटच्या दिवशी मी घाबरत विचारलं, "त्या अकरांचं काय करू? तुमच्यासाठी फोटोंची वही करतेय, तिच्यात घालू की नको?"

"घाल ना. तीही त्यांचीच आहेत."

"शेवटी वेगळी लावते."

"वेगळी कशाला? पेटीत जशी होती तशी लाव."

एस्प्लनेडच्या एका दुकानातून फोटो छापून घेतले, जाड कागदावर, आणि वही बांधून घेतली. तिच्यात चार डागाळलेल्या पानांनंतर मध्येच एक लखलखीत पान येतं. मला ते पान दर वेळी डोळ्यात खुपायचं. माशिमांना खुपत होतं की नाही, मी विचारलं नाही.

पुजो झाली. कोजागरीची लक्ष्मीपूजा झाल्यावर आठवडाभराने मुलगा न्यायला आला. जाण्याच्या दिवशी वही त्यांनी सामानात दिली नाही, हातातल्या पिशवीत ठेवली, औषधांबरोबर. पेटी हावड्याला पोहोचवायचं काम माझ्यावर सोपवलं. "तू गेलीस तर मला बरं वाटेल," एवढंच म्हणाल्या.

छोटा टेम्पो केला आणि त्यात पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मी हावड्याला गेले. तंत्रशाळेतले शिक्षक साठीच्या आसपासचे होते, बारीक, खाकी शर्टातले. त्यांनी यादी आणि पेटीतले नग एकेक करून जुळवले. गुण्या हाती आला तेव्हा ते थांबले. एका फळीच्या सरळ कडेला तो टेकवून त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. एकच रेघ दिसत होती.

"काटकोन अजून बरोबर आहे," ते म्हणाले. "हा साफ कोणी केला? छान केलाय."

"मी," मी म्हटलं.

"मग बाकीचे का राहिले? गंज काढावा लागेल."

"तसेच ठेवता येणार नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस होता, चिडले नाहीत. "मॅडम, ही कोलकात्याची हवा. दोन पावसाळ्यांत पट्टीवरचे आकडे वाचता येणार नाहीत. गंज लोखंड खाऊन टाकील."

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. ती गोष्ट माशिमांनी मला सांगितली होती, विळीसमोर बसून. ती दुसरीकडे सांगायचा हक्क मला नव्हता. मी यादीवर सही केली. बाहेर पडताना आतल्या खोलीत कोणीतरी रॉकेलच्या डब्याचं झाकण उघडलं, त्याचा वास आला.

फाटकाबाहेर येऊन मी माशिमांना फोन लावला. पेटी पोहोचली, सगळे नग जुळले, सांगितलं. मग गंजाचंही सांगितलं. लपवावंसं वाटत होतं, पण त्यांच्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

पलीकडे कुठल्यातरी मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

"बरोबर आहे त्यांचं," माशिमा म्हणाल्या. मग विचारलं, "तपासून पाहिली का गं त्यांनी हत्यारं? की नुसतीच मोजली?"

"गुण्या तपासला. काटकोन अजून बरोबर आहे म्हणाले."

"असणारच," त्या म्हणाल्या. आणि नंतर, "तू जेवलीस?"

"नाही अजून."

"तीन वाजून गेले, बोउमा. आधी कुठेतरी बसून जेव. मग जा घरी."

मी हो म्हटलं आणि पलीकडच्या एका खानावळीत जाऊन बसले.